मांजरीची पिल्ले बाजारात सोडू नका, मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत घरच्या मांजरीची नको असलेली पिल्ले मासळी बाजारात नेऊन सोडण्याची रीत जुनी आहे. ‘तिथे बिचाऱ्यांना पोटभर खायला तरी मिळेल’ अशा समजुतीने बहुतेकदा कनवाळू माणसेच हे करतात, म्हणूनच त्यावर लिहिणे मला आवश्यक वाटते. पुठ्ठ्याच्या खोक्यातून सोडलेली ही पिल्ले पुष्कळदा जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असतात. त्यांना मासा चावण्याजोगे दात नसतात आणि अंगातली ऊब धरून ठेवण्याची ताकदही नसते. त्यामुळे पाट्यांतून गळणाऱ्या बर्फाच्या पाण्यात भिजलेले पिल्लू समोर बांगड्यांचा ढीग असूनही उपाशीपोटी गारठून मरते. कोणी दया येऊन गाईचे दूध पाजले, तर ते पचत नाही आणि हगवण लागते.

एवढे करूनही घरातला प्रश्न सुटत नाही. पिल्ले अंगावर पीत असताना बऱ्याच मांजरी माजावर येत नाहीत. ती अकाली काढून घेतली की दूध आटते आणि मांजरी लवकरच पुन्हा माजावर येते. गाभणकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा आणि एका वेतात साधारण तीन ते पाच पिल्ले, असा हिशेब असल्यामुळे पिल्ले सोडून आलेल्या घराला तीन-चार महिन्यांत पुन्हा रिकामे खोके शोधावे लागते. शिवाय घरात ठेवून घेतलेली मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तीही गाभण राहू शकते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे निर्बीजीकरण. भूल देऊन मांजरीची अंडाशये व बहुधा गर्भाशयही काढतात आणि एक-दोन दिवसांत ती पूर्ववत हिंडू-फिरू लागते. ‘एकदा तरी विऊ द्यावी’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही; उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचे जीवघेणे दुखणे टळते. माज थांबवण्यासाठी वारंवार इंजेक्शने दिल्याने मात्र हीच दुखणी ओढवतात. बोका पाळणाऱ्यांनीही ही जबाबदारी मांजरीच्या मालकावर ढकलू नये, कारण त्यांच्या बोक्याची पिल्ले दुसऱ्या कोणाच्या तरी माळ्यावर जन्मत असतात. खच्चीकरणानंतर बोक्याचे भटकणे, मारामाऱ्या आणि भिंतींवर मूत्र फवारणे बहुतांशी थांबते.

पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. पण खर्चाला घाबरणाऱ्या माणसाला नुसता कायदा दाखवून भागणार नाही. मुंबई आणि पुण्याच्या महानगरपालिकांनी भटक्या मांजरांचे निर्बीजीकरण हाती घेतले. लहान शहरांतल्या नगरपरिषदांनीही मासळी बाजारांपासून तशी सुरुवात करावी. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आठवड्यातला एक दिवस मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवावा आणि त्याचे शुल्क मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबालाही झेपेल इतके असावे. भटक्या मांजरीची शस्त्रक्रिया झाल्यावर भुलेतच खूण म्हणून कानाचे टोक किंचित कापले, तर ती दुरून ओळखू येते आणि तिला पुन्हा पकडण्याचा त्रास वाचतो.

ज्यांच्या घरी आज पिल्ले आहेत, त्यांनी ती निदान दोन महिने आईजवळ ठेवावीत आणि मगच माहितीतल्या घरी द्यावीत. पाजणारी मांजरीही गाभण राहू शकते, म्हणून तोवर तिला बाहेर सोडू नये आणि पिल्ले दूध सोडून खाऊ लागताच तिच्या शस्त्रक्रियेची तारीख पशुवैद्यांकडून घ्यावी.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी