नाटक शिकवणं म्हणजे फक्त नट घडवणं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

नाटक शिकून पुढे काय करणार, हा प्रश्न ऐकून ऐकून खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत कार्नेगी टेक या शिक्षणसंस्थेनं १९१४ मध्ये नाटकाची डिग्री सुरू केली, ब्रिस्टल विद्यापीठात १९४७ मध्ये ब्रिटनमधला पहिला ड्रामा विभाग निघाला आणि आपली दिल्लीची एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ ची, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

मी एकदा विद्यार्थ्यांची तालीम बघत बसले होते. एक मुलगी खडूनं जमिनीवर सेटच्या भिंती आखत होती, दुसरा लाइटचे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी लाइट बदलायचा ते, वहीत लिहीत होता आणि एकाच वाक्याआधी किती थांबायचं यावर सगळ्यांचा अर्धा तास वाद चालला होता, पण कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं. हे ऐकून घेणं दुसऱ्या कुठल्या वर्गात शिकवतात सांगा!

फक्त नाट्यशास्त्राच्या नोट्स पाठ करून लेखी पेपर देण्यात काही अर्थ नाही. तालमीला मार्क द्या, नेपथ्य-प्रकाशयोजना नीट शिकवा, काम करणाऱ्या रंगकर्मींना शिकवायला बोलवा, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, तासावरच्या मानधनात नाटकाचे विभाग किती दिवस चालणार?

- एक नाट्यप्रेमी वाचक