थेंबांचा साचा टिकला, सर!

आदरणीय सर,

तेलाच्या थेंबांचा साचा वापरून सच्छिद्र हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे मऊ जाळे) बनवण्याच्या आमच्या कृतीवर तुम्ही समासात पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्यांबद्दल मनापासून आभार.

प्रमाणे तुम्ही तशीच ठेवलीत: पाण्याचा भाग एकूण २० मिलि, त्यात ४ ग्रॅम अॅक्रिलामाइड (जेलचा मूळ घटक), ०.४ ग्रॅम मिथिलीन-बिस-अॅक्रिलामाइड (साखळ्या एकमेकींना जोडणारा), ४ मिलि ट्रायटन एक्स-४०५ (थेंब टिकवणारा साबणासारखा पदार्थ) आणि थेंबांना आधार म्हणून थोडे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. त्यावर ८० मिलि सायक्लोहेक्झेन, म्हणजे आपले तेल. तेल एकूण आकारमानाच्या ७४ टक्क्यांपलीकडे गेले की थेंब एकमेकांवर दाबले जातात, आणि मधल्या पाण्याच्या पातळ पडद्याचीच पुढे जेलची भिंत होते.

तुम्ही बदललात तो क्रम. नायट्रोजन ट्रायटनच्या आधी सोडायचा, म्हणजे फेस होत नाही आणि बहुलकीकरण (रेणू जोडून साखळ्या होणे) अडवणारा ऑक्सिजन निघून जातो. सायक्लोहेक्झेन थेंबथेंब, पहिले १० मिलि सर्वांत सावकाश. घाई केली की तेल वर तरंगत राहते, नाहीतर इमल्शनच (पाण्यातल्या तेलाच्या थेंबांचे मिश्रण) उलटते, म्हणजे तेलात पाण्याचे थेंब होतात. मिश्रण मलमासारखे घट्ट झाल्यावर चुंबकी कांडी जागीच अडकते, म्हणून वरून फिरणारे पाते हवे. एक थेंब पाण्यात टाकून पाहायचा: विरघळल्यासारखा पसरला तर बाहेरचा भाग पाण्याचाच आहे.

बहुलकीकरण सुरू करणारे अमोनियम परसल्फेट आधीपासून पाण्यात, त्याला वेग देणारे टेमेड मात्र अगदी शेवटी. टेमेड तेलातही मिसळते, त्यामुळे तयार इमल्शनमध्येही ते सगळीकडे पोचते. तापवावे लागत नाही, हा मोठा फायदा. उष्णतेने असे इमल्शन फुटू शकते. थेंबांच्या जागी उरणाऱ्या छिद्रांना जोडणाऱ्या खिडक्या उघडल्या नाहीत, तर ट्रायटन वाढवून पडदा पातळ करा, हेही तुमचेच. (हातमोज्यांखाली तुम्ही दोनदा रेघ ओढलीत, ते योग्यच; अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे.)

सर्वांत मोलाची ओळ शेवटच्या पानावर होती. सायक्लोहेक्झेन इथेनॉलने धुऊन काढल्यावर जेल पाण्यात परत फुगवून गोठवून वाळवले, तर बर्फाचे स्फटिक स्वतःची छिद्रे पाडतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तीच थेंबांची छिद्रे वाटतात. हवेत वाळवावे, तर भिंती मिटून जातात. म्हणून ओले जेल आधी कॉन्फोकल (नमुना न वाळवता एकेक थर दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, वाळवणे नंतर. तेलाविना केलेल्या जेलचा तुकडाही सोबत वाळवायला तुम्ही सांगितलात. बर्फाची छिद्रे कोणती, हे त्या तुकड्यावरून ओळखता येते.

ती पाने आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्टररशेजारीच लावली आहेत.

कृतज्ञ,
प्रयोगशाळेतील आम्ही सगळे