फेस्ताचं खाजं आणि नाना काकाचे नारळ

प्रिय बाय,

मोबाईलवर एवढं टाइप करायला मला अख्खी संध्याकाळ लागणार, मम्मी म्हणते सरळ फोन करा ना, पण फोनवर तू नुसतं हं पप्पा हं पप्पा करतेस, मागे तुझ्या कुकरच्या शिट्ट्या, मग मीपण पाऊसपाण्याचं विचारून ठेवून देतो. म्हणून लिहितोय. जेवून झाल्यावर वाच.

परवा सोमवारी म्हापशाच्या चर्चला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे आपल्या मरियामातेचं, फेस्त झालं. ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार, तुला काय सांगायचं, तू लहानपणी त्या दिवसाची खाज्यासाठी वाट बघायचीस. ऊन असं की डोकं तापून निघालं. मी मेणबत्ती आणि तेलाची बाटली घेऊन लायनीत उभा, माझ्यापुढे शेजारच्या मावशी, त्यांच्याही पिशवीत तेल. त्या एक वर्ष चुकवत नाहीत, त्यांच्या हिशोबी सायबीण म्हणजे शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींतली एक, आणि बहिणीकडे सणाला जायचंच असतं. लाईन काही हलेना. मावशींनी मागे वळून सहज विचारलं, "वेंगुर्ल्याचो भाव येवंक ना?"

बस, एवढंच. मी म्हटलं नाही, कामात असेल, आणि तोंड दुसरीकडे केलं.

नाना काका तीन वर्षं फेस्ताला आलेला नाही हे तुला माहितीये, पण का ते तुला अर्धंच माहितीये. आजी जाऊन वर्ष झालं तेव्हा चर्चमध्ये तिच्या मिसच्या प्रार्थनेला सगळे जमले होते, नंतर घरी जेवणं चालू होती, आणि मी चारचौघांत त्याला वेंगुर्ल्याच्या माडांचा हिशोब विचारला. बावीस माड, दर पाडणीला पाडेल्याची मजुरी वजा जाता किती उरतं, हे सगळं मी डायरीत लिहून नेलं होतं. तो ताटावरून उठला. काकी वाढता वाढता तशीच उभी राहिली, हातात सोलकढीचं भांडं, ते माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. आणि एक सांगतो, हिशोब माझाच बरोबर होता. आजही आहे.

तर त्या लायनीत मला मत्तयमधलं ते आठवलं, पाचवा अध्याय, तेविसावी ओवी. मिस आपण कोकणीत ऐकतो पण मला आठवतं ते आजीच्या मराठी बायबलातलंच. वेदीजवळ दान घेऊन आलास आणि तिथे भावाची आठवण झाली तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. शंभर वेळा ऐकलंय. पण बाय, त्यात काय लिहिलंय ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं नाहीच आहे ते. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे कोणाचा हिशोब बरोबर हा प्रश्नच येशूने काढला नाही! मी तीन वर्षं डायरी घेऊन बसलोय आणि इथे डायरी कोणी मागितलीच नाही.

अजून एक. येशू हे बोलला गालीलात आणि वेदी होती जेरुसलेमच्या मंदिरात, मध्ये शंभर किलोमीटरच्या वर अंतर, चालत तीनचार दिवस. म्हणजे ऐकणाऱ्या माणसाने दान तिथे ठेवून घरी भावाकडे जायचं आणि परत यायचं म्हटलं तर आठवडा गेला. मला तर स्कूटर होती.

मावशींच्या हातात माझी बाटली आणि मेणबत्ती दिली, म्हटलं माझंही तुम्हीच करा. त्यांनी का ते विचारलं नाही, चांगली बाई. बाहेर जत्रेत अर्धा किलो खाजं घेतलं, त्याला आवडतं तसलं, वरचा गूळ थोडा पांढरट पडलेला, आल्याचा वास मारणारं. किरणपाणीचा पूल ओलांडला तेव्हा परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आरोंद्याला थांबून चहा घेतला, शिरोड्याला परत थांबलो, काही कारण नसताना.

नाना काका विहिरीवर पंप उघडून बसला होता, हात ऑइलने काळे. वर बघून म्हणाला, "वाट चुकलंस काय?" मी म्हटलं नाही, फेस्ताचं खाजं आणलंय. तर म्हणे ठेव तिथे. तुला वाटेल मग आम्ही गळ्यात पडलो वगैरे, तसलं काही झालं नाही, मी पाना धरून उभा राहिलो आणि तो वॉशर बदलत राहिला, पाऊण तास. मग मी म्हटलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं माझं. तो बोलला, "हां." काकीने चहा आणला, साखर जास्त. तिलाही म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, खाजं कडक आहे हो.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मोठा भाऊ शेवटी आत जेवायला गेला की नाही हे लूकने लिहिलेलंच नाही, बाप बाहेर येऊन समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच संपते. लहानपणी मला वाटायचं पान फाटलंय. घरात मोठा मीच, रागही मोठ्या भावासारखाच, आत जायला तीन वर्षं लागली.

तुझं आणि दादाचं नाताळात काय झालं ते मम्मीने सांगितलं, तू त्याला ब्लॉक केलंयस हेही. तो बोटीवर आहे, रेंज असते नसते. मी तुला त्याला फोन कर असं म्हणत नाही, मला तो अधिकार नाही, कारण हे गप्प बसणं तू माझ्याकडूनच शिकलीस, रोज रात्री तेर्स, जपमाळेची प्रार्थना, म्हणायला लावणारा पप्पा तीन वर्षं भावाचं नाव घेत नव्हता हे तू बघत होतीस. तेवढ्याबद्दल तुझीही माफी मागायची होती, फोनवर जमलं नसतं.

निघताना नाना काकाने स्कूटरच्या पुढे पिशवीत सहा नारळ ठेवले, म्हणाला, "लिही डायरीत." हसून म्हणाला की टोमणा मारला, मला कळलं नाही, हेल्मेट घातलेलं.

काल मम्मीने फोडले तर त्यातला एक नासका निघाला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, खबरदार त्याला फोन करून सांगाल तर.

तुझा,
पप्पा