‘हाय अलर्ट’ म्हणजे नेमके काय करायचे, ते सांगा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,

स्वातंत्र्यदिन, गणपती, प्रजासत्ताक दिन जवळ आला की दहशतवादी हल्ल्याच्या शक्यतेने राज्यात ‘हाय अलर्ट’ असल्याची बातमी येते. प्लॅटफॉर्म झाडणारा कंत्राटी सफाई कामगार, एसटीचा वाहक, बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसचा चालक यांना ती बहुतेकदा टीव्हीवरून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून कळते. आज कामात कालच्यापेक्षा काय बदलायचे, हे तिच्यात नसते. अलर्ट मागे कधी घेतला, तेही कोणी सांगत नाही. असा न संपणारा इशारा माणूस हळूहळू ऐकेनासा होतो.

अमेरिकेत हेच घडले. २००२ मध्ये तिथे धोक्याची पाच रंगांची श्रेणी सुरू झाली. देशपातळीवर ती पिवळ्याच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, खाली कधी आलीच नाही, आणि रंग बदलला तरी आपण काय करायचे हे लोकांना उमगत नव्हते. २०११ मध्ये ती मोडीत काढून मुदतीचे इशारे आणले गेले. ब्रिटन १ ऑगस्ट २००६ पासून धोक्याची पातळी लोकांना जाहीर करतो. मँचेस्टरच्या स्फोटानंतर २३ मे २०१७ रोजी ती सर्वोच्च केली आणि २७ मे रोजी खाली आणली. चार दिवस कर्मचारी डोळ्यांत तेल घालून काम करू शकतात. चार महिने ते कोणालाच जमत नाही.

म्हणून आपल्याकडे नेहमीची, वाढीव आणि तातडीची अशा तीनच पातळ्या ठेवा. प्रत्येक पातळीवर प्रत्येक पदाचे काम अर्ध्या पानात, सोप्या मराठीत द्या. पातळी वाढवताना मुदत त्याच आदेशात छापा. पुढे न्यायची तर नवा आदेश निघू दे. खबर कुठून आली हे कोणालाच सांगायची गरज नाही.

एसटीचेच घ्या. स्टँडवर कोणीतरी वाहकाच्या हातात पिशवी देतो : “पुढच्या स्टँडवर माझा भाऊ घेईल.” एरवी हे चालते, गावाकडे औषधे, डबे असेच पोचतात. वाढीव पातळीवर वाहकाने नाही म्हणायचे, आणि तसा कागद त्याच्या खिशात हवा, नाहीतर भांडण त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडते. शेवटच्या थांब्यावर रॅक आणि सीटखाली पाहायचे. गाडी उशिरा पोचली की पहिल्यांदा हीच तपासणी गळते, तेव्हा वेळापत्रकात तिच्यासाठी पाच मिनिटे धरा. गाडी सोडण्याआधी वाहतूक नियंत्रकाने तीन वाक्यांत सूचना द्यावी आणि चालक-वाहकाकडून ती परत म्हणवून घ्यावी. वहीतली सही पुरेशी नाही. ती न वाचताही होते.

सफाई कामगाराचे काम सर्वांत नाजूक. विसरलेल्या पिशव्या सापडतच असतात. प्रत्येकीसाठी स्टेशन रिकामे करता येत नाही. त्याला तीन प्रश्न शिकवा. वस्तू मुद्दाम लपवली आहे का? तारा, बॅटरी, गळणारा द्रव असे काही उघड दिसते का? या जागी अशी वस्तू एरवी दिसते का? बाकावर राहिलेली जेवणाच्या डब्याची पिशवी वेगळी आणि कचरापेटीमागे कोंबलेली, तोंड टेपने बंद केलेली बॅग वेगळी. संशय राहिला तर हात लावायचा नाही, लोकांना मागे न्यायचे, आणि १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकी-टॉकी वापरायचा नाही. लहान बॅगेपासून १०० मीटर दूर, असे ब्रिटनमधले मार्गदर्शन सांगते. आपल्या कामगाराला ‘लोकलचे पाच डबे’ असे सांगा, म्हणजे अंतर डोळ्यांपुढे उभे राहील. गफलत होते ती बहुतेकदा अशी : झाडू अडतो, मुकादम ओरडतो, आणि बॅग उचलून बाजूला ठेवली जाते.

प्रवाशांसाठी ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा इतकी वाजते की कोणाच्या कानात शिरत नाही. पातळी वाढली की वाक्य बदला : ‘रॅकवर आणि सीटखाली पाहा. मालक नसलेली वस्तू दिसली तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा. गाडी कोणती, चर्चगेटच्या बाजूने कितवा डबा, पुढचे स्टेशन कोणते, ते सांगा.’ एवढे कळले नाही तर बारा डब्यांत शोधाशोध होते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये ११ मिनिटांत स्फोट झाले होते. हाताशी वेळ किती असतो, ते यावरून दिसते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते पुन्हापुन्हा सांगितले आणि कितीतरी जीव वाचले. ती वाक्ये त्यांना जागच्या जागी स्वतःच जुळवावी लागली. प्रत्येक उद्घोषणा कक्षात ती आधीच लिहून, स्टेशनच्या दारांच्या नावांसह, भिंतीवर लावलेली असावीत.

सांगितले तर लोक घाबरतील, हा आक्षेप नेहमी येतो. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, लोक रुळांवर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. तिथे दहशतवादाचा संबंध नव्हता. पण डब्यात खरी माहिती पोचली नाही की अफवा काय करते, हे आपल्याच राज्याने पाहिले.

लोहमार्ग पोलीस आपल्या खात्याचे, आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) रेल्वे मंत्रालयाचे. दोघांचा आदेश एकच आणि एकाच वेळी निघावा, आणि तो कंत्राटदारांच्या माणसांपर्यंत पोचवणे कंत्राटाच्या अटींतच घाला. जो कळवतो त्याला त्याच पाळीत उत्तर मिळू दे : ‘बॅगेत कपडे निघाले, तुम्ही कळवलेत ते बरोबर केलेत.’ असे उत्तर कधीच आले नाही तर तोच कामगार पुढची बॅग झाडूने सरकवतो.

येत्या गणेशोत्सवाआधी दादर, ठाणे आणि स्वारगेट इथे हे महिनाभर करून पाहावे, ही विनंती.

आपले,
वाहतूक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारे