नाव न सांगता मदत करणाऱ्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

आईची नजर काचबिंदूने गेली, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही म्हटल्यावर घरात पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना, तेव्हा अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेतले तुम्ही लोक भेटलात. पांढरी काठी कशी फिरवायची, उजवा पाय पुढे टाकताना टोक डावीकडे आणि डावा टाकताना उजवीकडे, हे ज्या ताईंनी न कंटाळता परत परत करून घेतलं त्यांनी नाव काही सांगितलं नाही. आणि त्यांनी आम्हालाही शिकवलं, मला तर हे जास्त महत्त्वाचं वाटतं, की तिचा दंड धरून ओढायचं नाही, तिने आपल्या कोपराच्या वर धरायचं अन् आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. मोबाईलमध्ये टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, लावून देणारे दादा, तुमच्यामुळे ती आता स्वतः फोन लावते, मेसेज ऐकते!! आणि ज्यांनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केलीत, तुमचे चेहरे आम्ही कधी पाहिले नाहीत पण तुमचे आवाज रोज दुपारी आमच्या घरात असतात, आई तर आवाजावरून वाचणारा ओळखते. ब्रेलची सहा टिंबं पण शिकायचीत म्हणते, येतोच आहोत आम्ही. खूप खूप आभार तुम्हा सगळ्यांचे 🙏