ताई, एमएन थ्री एसएन समजावून दिल्याबद्दल मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

लॅबमध्ये एमएन थ्री एसएन (Mn₃Sn, मँगनीज आणि कथील यांचं संयुग) समजायला तू जी मदत केलीस त्याबद्दल फोनवर थँक्यू म्हणून भागणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

त्यात मॅग्नेटायझेशन (एकूण चुंबकत्व) जवळजवळ शून्य आणि तरी हॉल व्होल्टेज (करंटला आडवं येणारं व्होल्टेज), तेही रूम टेम्परेचरला, हे माझ्या गळी उतरतच नव्हतं. अनोमलस हॉल इफेक्ट, म्हणजे बाहेरचं फील्ड नसतानाही मिळणारं हे आडवं व्होल्टेज, हे लोखंडासारख्या फेरोमॅग्नेटचं काम, असंच शिकत आलेलो ना आपण. तू फळ्यावर कागोमे जाळी (कोपऱ्यांनी जोडलेल्या त्रिकोणांची) काढलीस, तीन मँगनीज अणू, तिघांचे स्पिन (अणूची छोटी चुंबकसुईच जणू) एकमेकांशी १२० अंशांत, आणि म्हणालीस आता सगळे स्पिन उलटे कर आणि क्रिस्टल नुसता सरकवून पहिलं चित्र परत आणून दाखव. अगदी साध्या वर-खाली स्पिनवाल्या अँटीफेरोमॅग्नेटमध्ये (जिथे स्पिन एकमेकांना रद्द करतात) ते जमतं, म्हणून तिथे हॉल शून्य. इथे काही केल्या जमत नाही! म्हणजे सिमेट्री अडवते का एवढंच बघायचं, आणि ती अडवत नसेल तर बँडमधलं (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधलं) बेरी कर्व्हेचर, जे जणू आतल्याच चुंबकीय फील्डसारखं वागतं, त्यातही दोन बँड जिथे एकमेकांना छेदतात त्या वाइल पॉइंटच्या आसपासचं, इलेक्ट्रॉनला आडवं ढकलतं.

२०१४ मध्ये थिअरीवाल्यांनी अशा मटेरियलबद्दल हे सांगितलेलंच, २०१५ मध्ये जपानमधल्या नाकात्सुजींच्या ग्रुपनं एमएन थ्री एसएनमध्ये मोजून दाखवलं, दर मँगनीज अणूमागे साधारण ०.००२ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) इतकंच मॅग्नेटायझेशन असताना. हा आकडा वाचला की मला अजून भारी वाटतं. आणि तेवढंसं असणंही कामाचं, त्याच्याच जोरावर छोट्या फील्डनं अख्खी स्पिन रचना उलटवता येते, हे पण तूच दाखवलंस.

पण खरं थँक्यू मेजरमेंटसाठी. कॉन्टॅक्ट कधीच अगदी समोरासमोर बसत नाहीत, सरळ रेझिस्टन्स थोडा मिसळतोच, म्हणून फील्ड दोन्ही दिशांना फिरवून वजाबाकी करून निम्मं घ्यायचं, आणि लूप असेल (फील्ड वाढवताना आणि कमी करताना रेषा वेगळी येत असेल) तर वर जातानाची ब्रँच खाली येतानाच्या ब्रँचशीच जोडायची, हे कुठल्याही पेपरात इतकं नीट समजावलेलं मला सापडलं नाही. शिवाय काही सॅम्पल थंड करताना स्पिन सर्पिल होतात आणि सिग्नलच गायब होतो, तेव्हा आधी कंपोझिशन तपास, मँगनीज किती जास्त आहे बघ, हे तू स्वतःचं काम बाजूला ठेवून, रात्री उशिरापर्यंत थांबून सांगितलंस गं.

आता एमएन थ्री जीईचं (Mn₃Ge, कथिलाऐवजी जर्मेनियम) सॅम्पल लावतेय. लूप आला की आधी तुलाच पाठवते.

तुझी ज्युनिअर