४८ आकडे, पोस्टाने

स्टुटगार्ट
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे घ्या माझं अक्षर. अडकलेला कॉम्प्युटर उघडायचे ४८ आकडे मी फोनवर सांगायला लागलो होतो. "आवाज हल्ली कुणाचाही काढता येतो, अक्षर काढून दाखव," असं म्हणालात तेव्हा मी चिडलो आणि फोन मध्येच बंद केला. चुकलं माझं. मागून आठवलं, "फोनवरून कुणी आकडे सांगितले किंवा विचारले, की लगेच फोन ठेवायचा," असं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवणारा मीच होतो. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून मला झोप येत नव्हती म्हणून. आता तो नियम तुम्ही माझ्यावरच चालवलात तर मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? सोनू शनिवारी पुण्याहून आली, तिने आकडे टाकायला घेतले, आणि तुम्ही वायरच काढून कपाटात ठेवलीत, हेही कळलं. ती हसत सांगत होती, पण तिलाही थोडा राग आला असावा.

आई, माझं बरं चाललंय. इथली थंडी पेपरात वाटते तेवढी नाही, घरात तर बनियनवर बसतो. जेवणाचं म्हणशील तर तू दिलेली चटणी अजून पुरतेय आणि वरण-भात रोज होतो. रोज म्हणजे जवळजवळ रोज. गाड्यांच्या कंपन्यांतून माणसं कमी करतायत ही बातमी खरी आहे, पण आमच्या विभागाला धक्का नाही. मामाने कात्रण पाठवायची गरज नव्हती. मी बारीक झालो नाहीये, व्हिडिओवर तसा दिसतो.

आता कॉम्प्युटरचं. तो बिघडलेला नाही. व्हायरस नाही, कुणी हॅक केलेला नाही, आणि आई, तू त्यावर रेसिपी बघतेस म्हणूनही काही झालेलं नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं. विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं, म्हणून डिसेंबरात आलो तेव्हा मी सगळं पुसून ११ टाकलं आणि घाईत माझ्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं. तसं केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. त्याचं नाव बिटलॉकर, तुमच्या निळ्या पडद्यावर दिसतंय तेच. कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या एका चिपपाशी असते. कॉम्प्युटर रोज सुरू होताना चिप बघते, सगळं कालच्यासारखंच आहे ना, आणि गुपचूप दार उघडते. म्हणून तुम्हाला कुलूप असल्याचं कधी कळलंच नाही.

निघायच्या आदल्या रात्री, बॅगेचं वजन करता करता, मी मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅमचं अपडेट लावून ठेवलं. ते लावण्याआधी कुलूप तात्पुरतं थांबवायचं असतं. दोन मिनिटांचं काम. मला ते माहीत होतं, ऑफिसात दुसऱ्यांना मीच सांगतो. पण टॅक्सी पहाटे चारची होती आणि आई लाडवांचा डबा तिसऱ्यांदा बॅगेत कोंबत होती. अपडेट झालं, चिपला घर ओळखू येईना, आणि तिने दारात उभं राहून ओळखपत्र मागितलं. ते ओळखपत्र म्हणजे हे ४८ आकडे, कुलपाची दुसरी किल्ली. चिपचं काही चुकलेलं नाही, तिला नेमलंय त्याचसाठी.

आणि तुम्ही दोघांनी मला हे सोळा दिवस सांगितलं नाहीत. "त्याला कशाला त्रास," म्हणे. सोळा दिवस तुम्ही रोज सकाळी तो निळा पडदा बघून, कॉम्प्युटर बंद करून, पेपर वाचत बसलात. हे सोनूकडून कळलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही.

एवढं वाईट वाटून घेऊ नका. १९ जुलै २०२४ आठवतो? आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते, तुम्ही पेपरातला फोटो मला पाठवला होता. ते एका सुरक्षा प्रोग्रॅमच्या सदोष अपडेटमुळे झालं होतं. जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बसले, आणि त्यातल्या कितीतरींसाठी मोठमोठ्या कंपन्यांतले इंजिनियर असेच ४८-४८ आकडे हाताने ठोकत बसले होते. आपला तर एकच आहे.

चौकातला दुकानदार फॉरमॅट मारून देतो म्हणतो, त्याला नाही म्हणा. कॉम्प्युटर चालू होईल, पण आतलं सगळं जाईल. तुमचा कुलवृत्तांत, सोनूच्या लग्नाची यादी, आजीचे फोटो. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी किल्लीशिवाय आत नुसता भुसा दिसतो.

तुम्हाला वाटत असेल, अक्षर हवं होतं तर कागदाचा फोटो पाठवायचा. फोटोही बनावट निघतात हे तुम्ही म्हणणारच होता. पण खरं सांगू का, पोस्टाने किल्ली पाठवायची म्हटल्यावर इथे कुणाला हसू येत नाही. हा देश पोस्टाच्या पाकिटावर चालतो. माझा कर नंबर पोस्टाने आला. (तोही ११ आकडी आहे. ११ का महत्त्वाचे, ते पुढे.) इंटरनेट सुरू करायचा पासवर्डसुद्धा कागदावर, पाकिटात, पोस्टाने. म्हणजे इंटरनेट यायला आधी पोस्टमन यायला हवा. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं आणि त्याचा पिन दोन-चार दिवसांनी दुसऱ्या पाकिटात, म्हणजे एक चोरीला गेलं तरी चोर उपाशी. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, त्याचंही पाकीट तुम्हाला बरोबर हुडकून काढतं.

आणि पाकीट पोचतं कसं? पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. आमच्या इमारतीत दहा बिऱ्हाडं आहेत, पण पत्ता फक्त रस्ता आणि इमारतीचा नंबर. मजला नाही, विंग नाही, "मारुतीच्या देवळासमोर" तर नाहीच. पोस्टमन फक्त पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो. पेटीवर नाव नाही, तर तो माणूस तिथे राहतच नाही. पत्र परत. मी खिडकीत उभा राहून हात हलवला असता तरी परत गेलं असतं. पहिल्या महिन्यात बँकेचं पाकीट असंच परत गेलं, आणि मला वाटलं, बँकेने फसवलं. शेजारच्या आजींनी मला जिन्यात गाठून पेटीकडे बोट दाखवलं. मग वहीच्या कागदावर आपलं आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. पावसाळी हवेने ते दर दोन-तीन महिन्यांनी सुटायचं, मी परत लावायचो. सहा वर्षं तेच चाललं होतं. गेल्या महिन्यात घरमालकाने विचारलं आणि पितळी पट्टीवर कोरून दिलं. स्पेलिंग बरोबर आहे. फोटो पुढच्या वेळी पाठवतो.

तर इथल्या रिवाजाप्रमाणे, किल्लीचे पहिले चार गट या कागदाच्या मागे आहेत, उरलेले चार परवा दुसऱ्या पाकिटातून. पहिलं आलं की लगेच बसू नका.

बसाल तेव्हा आधी पडद्यावरच्या की आयडीची, म्हणजे किल्लीच्या ओळखखुणेची, पहिली आठ अक्षरं मागे लिहिलेल्या आठांशी ताडून बघा. सोनूने पाठवलेल्या फोटोवरून माझ्या खात्यातली हीच किल्ली जुळली. जुळलं नाही तर काही टाकू नका आणि मला शिव्या द्या. जुळलं तर आठही गट एका दमात टाका. मधली आडवी रेघ टाकायची नाही, ती आपोआप पडते. उजवीकडचे आकडे उमटले नाहीत तर वरच्या ओळीतले वापरा. तेही रुसले तर एफ-१ ते एफ-९ म्हणजे १ ते ९ आणि एफ-१० म्हणजे शून्य. शेवटी एंटर. ड्राइव्ह वगळा, रिसेट करा असलं काही दिसलं तर हात लावू नका.

माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, ताळा करून घ्या. सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. किल्ली तशीच बनवतात. समजा गट आहे ४९३७२४. एकाआड एक बेरीज घ्या: ४, ३, २ चे ९ आणि ९, ७, ४ चे २०. फरक ११. बरोबर! नववीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर ही कसोटी शिकवलीत तेव्हा मी मागच्या बाकावर कागदाचं विमान करत होतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तरी हा ताळा पकडतो. आठ गट, आठ भागाकार. कागदावर करालच, मला माहीत आहे.

आकडे मुद्दाम मराठीत लिहिलेत. इथे इंग्रजी एकला एवढी लांब शेंडी काढतात की आपल्याला तो सात वाटावा, आणि खऱ्या साताला पोटातून आडवी रेघ. माझा हातही आता तसाच वळायला लागलाय. मराठी आकडे मात्र तुम्ही गिरवून घेतलेत तसेच निघतात. फक्त माझा १ आणि ९ नीट बघा.

कॉम्प्युटर चालू झाला की लगेच सोनूची यादी पेन ड्राइव्हवर उतरवा. कुलूप परत नीट बसवायचं काम मी इथून करतो.

आता लग्नाचं. १७ मेला अधिक ज्येष्ठ लागतो, म्हणून त्याआधीचा मुहूर्त धरलात ते बरं केलंत, नाहीतर पावसात मांडव. मी येणार, तिकीट बघतोय. डिसेंबरात रजा वापरल्यामुळे नऊच दिवस मिळतात, पण हळदीपासून आहे. साखरपुड्याला मात्र जमत नाही. सोनूला सांगितलंय, ती "ठीक आहे दादा" म्हणाली, आणि ती "ठीक आहे" कधी म्हणते ते आपल्याला माहीत आहे. आई, तू तिला जरा समजाव. तिकिटाचे भाव वगैरे सांगू नको, ते तिला खोटं वाटतं.

हॉलच्या आगाऊ रकमेसाठी एफडी मोडू नका. मार्चमध्ये एक लाख आणि एप्रिलमध्ये एक पाठवतो. एकदम दोन पाठवले असते, पण इथे हीटिंगचा वर्षाचा हिशेब नंतर होतो आणि यंदा बरेच वर द्यायचे निघाले. (घरात बनियनवर बसतो, त्याचे.) केटररला चेकने द्या, पावती घ्या.

आई, तू पाठवलेले दोन बायोडाटा मिळाले. मुली चांगल्याच असतील. आधी सोनूचं होऊ दे. आणि त्या मुलीच्या वडिलांनी "मुलगा कायमचा परत कधी येणार" असं विचारलं, त्यांना तू "दोन वर्षांत" सांगितलंस. आता पुन्हा कुणी विचारलं तर आकडा सांगू नको, आई. त्याबद्दल मला थोडं लिहायचं आहे, दोघांनाही. इथे पान संपलं, आणि मागे किल्ली आहे. परवाच्या पाकिटात लिहितो.

तुमचा,
बंड्या